दुर्वालरावांचा गुरुवार

तिसऱ्या मजल्यावरच्या दुर्वालरावांचं शहरात दुसरं घर आहे, अशी एके काळी आमच्या गल्लीत कुजबुज होती. दुसरं घर म्हणजे भाड्याची खोली नव्हे. चूल, बाई आणि बाईचा साबण असलेलं घर. दर गुरुवारी दुपारी दोनच्या बसने ते तिकडे जातात, तिथे आंघोळ करतात आणि साडेपाचला ओले केस नीट विंचरून, काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने परत येतात. बाई विधवा आहे, शिवणकाम करते, रेल्वेच्या रुळांपलीकडे राहते, इथपर्यंत तपशील लागला होता. पुढेपुढे एक मुलगीही निघाली. तिचं लग्न झालं की दुर्वालराव शनिवारीही जायला लागतील, असं सोकोर्रो म्हणायची.

सोकोर्रो आमच्या फाटकाबाहेर तापिओकाची पांढरी धिरडी विकते, आत खोबरं नाहीतर चीज घालून. फाटकाच्या आत मी. सांता लुझिया इमारतीच्या दारावर मी एकतीस वर्षं बसलो. चार मजले, सोळा घरं, किल्ल्यांचा फळा आणि एक कुरकुरणारा पंखा. दारावरच्या माणसाला कुणाची चौकशी करावी लागत नाही. सगळे त्याच्यासमोरूनच जातात. पथ्यावर असलेल्या बाईंच्या कचऱ्यात केकची खोकी किती, आणि दारू सोडलेल्या डॉक्टरांच्या पिशवीत बाटल्या किती वाजतात, हे मला न विचारता कळायचं. ते चार माणसांना सांगणं हा पगारात न लिहिलेला भाग होता.

दुर्वालराव आणि त्यांची बायको झुल्मिराबाई, हे जोडपं आलं ऑगस्टात. पाऊस सरत आला होता. टॅक्सीतून दोन सुटकेसी उतरल्या आणि मागोमाग एक बिडाचं जड पातेलं, जे झुल्मिराबाईंनी सगळ्या वाटेत मांडीवर धरलेलं होतं.

"द्या बाई, मी घेतो," मी म्हणालो.

"सुटकेस घ्या. हे माझ्यापाशीच राहू दे."

तेवढ्यात दुर्वालरावांनी टॅक्सीच्या मागच्या चाकाला बुटाने एक ठोकर दिली आणि म्हणाले, "हवा कमी आहे, बाबा. वळणावर ओढेल." टॅक्सीवाल्याने भाड्याबरोबर सल्लाही खिशात घातला.

"कुठून आलात?" मी विचारलं.

"मिनासहून."

"विमानानं?"

"बसनं."

"म्हणजे दोन दिवस तरी लागले असतील."

"दोन वर्षं आणि दोन महिने," झुल्मिराबाई म्हणाल्या आणि पातेलं सांभाळत जिना चढू लागल्या.

ते खरंच होतं. दुर्वालरावांनी छत्तीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली. मिनासच्या डोंगरातून निघायचं आणि दोन दिवस दोन रात्रींनी आमच्या जुआंव पेसोआ शहराच्या स्टँडवर थांबायचं. दोघं ड्रायव्हर आलटूनपालटून. इथे पोचलं की स्टँडमागच्या खोलीत आठ तास झोपायचं आणि आल्या वाटेने परत. ज्या गावांची नावं छत्तीस वर्षं पाटीवर वाचली, त्यांतल्या एकाही गावात त्यांनी स्टँडबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं. झुल्मिराबाई शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या, रोज तीनशे पोरांचा भात. स्वतःचं मूल झालं नाही. दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले तेव्हा दुर्वालराव म्हणाले, चल, तुला माझा रस्ता दाखवतो. बाई म्हणाल्या, दाखवा, पण सावकाश. आजवर घाईतच आलात आणि घाईतच गेलात.

मग ती सावकाशी काय विचारता! वाटेतल्या कोन्किस्ता गावात थंडी मानवली म्हणून चार महिने. फेइरात बाईंना बाजार आवडला म्हणून सहा. गारान्युन्सला घरमालकीण आजारी पडली, तिला तशीच टाकून कसं जायचं म्हणून आठ. कांपिनात दुर्वालरावांचा दात काढायला थांबले ते नवी कवळी बसेपर्यंत राहिले. गाव सोडताना बाई दर वेळी म्हणायच्या, "इथं राहिलो असतो तरी चाललं असतं," आणि तव्यापासून उशीपर्यंत सगळं शेजारणींना वाटून टाकायच्या. पातेलं तेवढं बरोबर. पडदे मात्र त्यांनी एकाही गावात लावले नाहीत. पडदे लावले की माणूस तिथला झाला, असं त्यांचं म्हणणं.

रस्ताही त्यांनी मुद्दाम आतल्या बाजूचा धरला होता. बाईंनी चौसष्ट वर्षांत समुद्र पाहिला नव्हता, आणि त्यांची अट होती की समुद्र एकदाच बघायचा, तोही जिथे राहायचं असेल तिथेच.

तो त्यांनी आमच्याकडे पाहिला. पहाटे पाच ते आठ किनाऱ्याचा रस्ता गाड्यांना बंद असतो, सगळं शहर चालायला येतं. मीही असतो. चालणं हे निमित्त, कोण कुणाबरोबर चालतंय ते बघणं हा व्यायाम. त्या दिवशी झुल्मिराबाई झग्याची कड दोन्ही मुठींत धरून थेट गुडघाभर पाण्यात शिरल्या. दुर्वालराव काठावर. बूट हातात, मोजे बुटांत, पाय कोरडे.

"अहो, या की! कोमट आहे, तांदूळ धुवायच्या पाण्यासारखं."

"मी बघतोय ना इथनं."

"छत्तीस वर्षं घाटातनं बस हाणली आणि एवढ्याशा पाण्याला भिता?"

"बसला ब्रेक असतो, झुल्मिरा. याला कुठं दिसत नाही."

बाई एवढ्या हसल्या की एक लाट त्यांच्या कमरेपर्यंत आली तरी त्यांना कळलं नाही.

परत येताना त्या सोकोर्रोच्या ठेल्यापाशी टेकल्या आणि आम्हा दोघांना सांगून टाकलं, "एक वर्ष बघते. शहरानं ठेवून घेतलं तर राहीन, नाहीतर इरासीकडे परत." इरासी म्हणजे त्यांची बहीण, गावचं घर तिच्याच ताब्यात होतं. "तसं मला काही जास्त नको. यांचा हात धरून एकदा गळ्याइतक्या पाण्यात उभं राहायचंय. तेवढं झालं की पडदे लावते."

"बाई, माझ्याही नवऱ्याला घेऊन जा," सोकोर्रो म्हणाली. "गळ्याइतक्या पाण्यात उभा करा. परत नाही आणलात तरी माझी तक्रार नाही."

बाईंनी इमारतीत जम बसवला तो चीजच्या गोल पावांनी. पहिल्या खेपेला इथलं पीठ त्यांना समजलं नाही, पाव तव्यासारखे चपटे झाले. दुसऱ्या खेपेला फुगले, आणि तिसऱ्या खेपेपासून शनिवारी संध्याकाळी सोळा घरांची नाकं जिन्याकडे लागलेली असायची. दुर्वालरावही रुळले. फाटकासमोर उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या चाकाला ठोकर देऊन हवेचा अंदाज सांगायचे. शहरातल्या बसमध्ये बसले की त्यांचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबत राहायचा, आणि ड्रायव्हरने उशिरा दाबला तर जिभेने 'च्च' करायचे.

पण माणसं मिनासची. मिनासच्या माणसाबद्दल आमच्याकडे म्हणतात की त्याच्या घराला आग लागली तर तो शेजाऱ्याला "आज जरा उकडतंय" एवढंच सांगेल. या दोघांत तर न विचारण्याची आणि न सांगण्याची शर्यतच होती. एकदा दुर्वालराव खाली येऊन मला म्हणाले, "जेनिवाल, एक सांगतो, कुणाला बोलू नकोस. मला भेंडी आवडत नाही. एक्केचाळीस वर्षं खातोय. तिला करायला आवडते, मग काय बोलणार?" त्यानंतर पंधरा दिवसांनी झुल्मिराबाई सोकोर्रोला सांगत होत्या की भेंडी चिरायचासुद्धा त्यांना कंटाळा, पण यांना दर रविवारी कोंबडीत भेंडी लागते. मी दोन्ही ऐकलं होतं. एका शब्दाने दोघांची सुटका केली असती. केली नाही. गंमत टिकावी असं वाटलं.

फेब्रुवारीत कार्निव्हलचा सण संपला आणि गुरुवार सुरू झाले.

इस्त्रीचा शर्ट, कापडी पिशवी, पावणेदोनला फाटकातून बाहेर. पहिल्या गुरुवारी मी नुसतं "कुठं स्वारी?" म्हणालो तर दुर्वालराव कानापर्यंत लाल झाले. "स्टँडवर. जुने ड्रायव्हर जमतात. डॉमिनो खेळतो जरा." आता स्टँड शहराच्या पश्चिमेला, आणि हे बस पकडत होते दक्षिणेची. साडेपाचला परत आले तेव्हा केस ओले, डोळे लालसर, अंगाला निळ्या वड्यांच्या स्वस्त साबणाचा वास. झुल्मिराबाईंच्या घरात पिवळा, ग्लिसरिनचा साबण असतो. किराण्याची पिशवी मीच वर नेतो, मला माहीत.

तीन गुरुवार मी हे पोटात ठेवलं. माझ्या मानाने ही तपश्चर्याच होती. चौथ्या गुरुवारी सोकोर्रोने विचारलं, "ही बस जाते कुठं रे?"

"रुळांपलीकडे."

"तिथं काय आहे?"

"घरं आहेत."

"कुणाची घरं?"

मी खांदे उडवले.

"तुला माहितीये. सांगत नाहीस."

"माझ्या तोंडून नको बाई."

बस्स. याच्यापुढे काही बोलावं लागत नाही. संध्याकाळपर्यंत पहिला मजला विधवेला ओळखत होता.

दुर्वालरावांना यातलं काही माहीत नव्हतं. ते खुशीत होते. खांदे रुंद झाल्यासारखे वाटायचे, भूक वाढली होती. गुरुवारी रात्री बाई त्यांना दोनदा वाढतात, हे त्यांनीच अभिमानाने सांगितलं होतं. आणि मजा म्हणजे बाईही खुशीत होत्या. एप्रिलात त्यांनी निळ्या फुलांचं आठ मीटर कापड आणलं आणि मला विचारलं, "पडद्याचा दांडा ठोकून देणारा कुणी माणूस आहे का हो ओळखीचा?"

"राहायचं ठरलं म्हणायचं!" मी म्हणालो.

"अजून ते पाण्यात आले नाहीत," बाई म्हणाल्या, "पण कापड स्वस्त होतं."

मे महिन्यातल्या एका गुरुवारी, तीनच्या सुमारास, फाटकाशी एक जाडजूड म्हातारा आला. कॉलर घामाने भिजलेली, हातात पेरूच्या वड्यांचा डबा. "दुर्वाल इथंच राहतो ना? मी एराल्दो. पंचवीस वर्षं एका बसवर होतो आम्ही. एक झोपायचा, एक चालवायचा."

"मग भेटत असाल की स्टँडवर, डॉमिनोला," मी म्हणालो.

"कसला डॉमिनो? नोकरी सुटल्यापासून त्याचं तोंड बघितलं नाही मी. तो या शहरात राहतोय हे मला परवा कळलं."

आता इथे नीट ऐका. दुर्वालराव घरात नाहीत हे मला ठाऊक होतं, बाई घरात आहेत हेही ठाऊक होतं. "साडेपाचनंतर या," एवढे दोन शब्द पुरले असते. मी फाटक उघडलं आणि म्हणालो, "तिसरा मजला, डावं दार. बाई आहेत घरी."

एराल्दो तासभर वर होता. जिन्यातून कॉफीचा आणि पावांचा वास खाली येत होता. तो गेल्यावर थोड्या वेळाने झुल्मिराबाई उतरल्या. हातात कचऱ्याची पिशवी, तीही अर्धीच भरलेली. पिशवी ठेवली, हात पुसले, मग किल्ल्यांच्या फळ्याकडे बघत म्हणाल्या, "चांगला माणूस आहे एराल्दो."

"हो, बोलका वाटला."

"जेनिवाल, गुरुवारी हे परत येतात तेव्हा केस ओले असतात ना?"

त्या बाईंनी आमच्या इमारतीत विचारलेला हा पहिला सरळ प्रश्न. त्यांच्या गावात असा प्रश्न विचारायला माणसाला किती दिवस लागत असतील याचा अंदाज मला यायला हवा होता. पण मी मी होतो. डोळा बारीक केला, मान तिरकी केली आणि म्हणालो, "लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांचं काय हो बाई, रस्त्याला दोन टोकं असतात, तशी घरंही दोन असतात. लोक म्हणतात बुवा. मी नाही."

बाई हसल्या. मीही हसलो. त्या वर गेल्या, पण पिशवी कोपऱ्यातल्या पिंपात टाकायची ती माझ्या टेबलाखालीच राहिली.

आता तुम्ही म्हणाल, नवरा घरी आल्यावर बाईने विचारलं असेल, भांडण झालं असेल, भांडी आपटली असतील. आमच्याकडची बाई असती तर चारही मजल्यांना कळलं असतं आणि दुसऱ्या दिवशी मिटलंही असतं. इथे काही नाही. साडेपाचला दुर्वालराव आले. बाईंनी वाढलं. "एराल्दो आला होता," म्हणाल्या. "अरे वा," ते म्हणाले आणि गप्प झाले, कारण त्यांची डॉमिनोची थाप उघडी पडली होती आणि खरं काय ते त्यांना अजून सांगायचं नव्हतं. बाईही गप्प झाल्या. हे मला दुर्वालरावांनीच पुढे सांगितलं. ते म्हणाले, "तिनं विचारलं असतं तर सांगणार होतो. ती काही बोललीच नाही. मला वाटलं, तिला कळलंय आणि ती न कळल्यासारखं करतीये. बायका असं करतात ना."

पडद्याचं कापड त्या आठवड्यात सोकोर्रोच्या ठेल्यावर आलं. "उन्हाला आडोसा होईल तुला," बाई म्हणाल्या. सोकोर्रो खूश. तिने ते लगेच बांबूला बांधलं, आणि मी माझ्या खुर्चीतून दिवसभर ती निळी फुलं बघत बसलो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, सेंट जॉनच्या सणाची लाकडं कोपऱ्याकोपऱ्यावर रचली जात असताना, इरासीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. निघालं म्हणजे बाईंनी काढलं. मक्याची कणसं अजून बाजारात यायची होती, शेकोट्या पेटायच्या होत्या. मी म्हणालो, "सण करून जा की बाई. आमच्याकडचा सण बघितला नाहीत तर काय बघितलंत?"

"गुडघा कुठं थांबतो," त्या म्हणाल्या.

एक सुटकेस मी खाली आणली. पातेलं त्यांच्या हातात होतं. बहिणीच्या गुडघ्यासाठी महिनाभर जाणारी बाई पातेलं नेत नाही. दुर्वालराव टॅक्सी बघायला कोपऱ्यावर गेले होते. फाटकाशी आम्ही दोघंच. चार मिनिटं तरी असतील. बाई माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. आज वाटतं की त्या थांबल्याच होत्या, मी काही बोलेन म्हणून. "बाई, त्या दिवशी मी मस्करी केली," एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "बसमध्ये गार वारा फार सोडतात. शाल वर ठेवा."

"ठेवलीये," त्या म्हणाल्या.

नंतर दर रविवारी दुर्वालराव खाली माझ्या टेबलापाशी येऊन, आवाज मोठा करून फोन करायचे, कारण वर नीट ऐकू येत नसे. म्हणून मला ती बोलणी पाठ आहेत. "गुडघा कसा आहे?" "बरा आहे." "जेवण?" "झालं. तुमचं?" "झालं. इकडे पाऊस आहे." "इकडे थंडी." मग "बरं, ठेवतो." "कधी येतेस" हे त्यांनी विचारलं नाही, आणि "या न्यायला" असं त्या म्हणाल्या नाहीत. फोन ठेवल्यावर ते चष्मा पुसायचे.

जुलैत एकदा म्हणाले, "शहरानं तिला ठेवून घेतलं नाही, जेनिवाल."

"असं का म्हणता?"

"तिनं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, एक वर्ष बघते. डोंगरातली बाई. एवढं मोठं पाणी रोज समोर, घाबरत असेल. बोलली नाही, पण मला कळतं."

मी खुर्चीत बसलो होतो आणि ते उभे होते. मला सगळं माहीत होतं. म्हणजे मला वाटत होतं की मला सगळं माहीत आहे. मनात म्हणालो, म्हातारा काय नाटक करतोय! दर गुरुवारी तिकडे जातो आणि इथे चष्मा पुसतो. कारण गुरुवार चालूच होते, एकही चुकला नव्हता. जुलै संपेपर्यंत.

ऑगस्टातल्या पहिल्या गुरुवारी ते गेले नाहीत. त्यानंतरच्याही. महिना संपायच्या आत त्यांनी खोली सोडली. खुर्च्या, पलंग, तवा, उशा सगळं इमारतीत वाटलं. मला पंखा दिला. टॅक्सीत सुटकेस ठेवताना मला राहवलं नाही. म्हणालो, "दुर्वालराव, आता गुरुवारचं काय?"

मला वाटलं लाजतील, चिडतील. त्यांनी टॅक्सीच्या चाकाकडे बघितलं, ठोकर मात्र दिली नाही. "ते आता कशाला?" म्हणाले. "आमच्या गावात त्याचा काही उपयोग नाही." इरासीचा पत्ता आणि फोन एका कागदावर लिहून दिला, टपाल आलं तर पाठवायला. या खेपेला मधल्या एकाही गावात ते थांबले नाहीत. दोन दिवस, दोन रात्री.

सप्टेंबरात, गुरुवारीच, एक तिशीची मुलगी सायकलवरून आली. काळीसावळी, दणकट खांदे, गळ्यात शिट्टी. "दुर्वालकाका आहेत का?"

मी सावरून बसलो. आली म्हटलं, विधवेची मुलगी! "तुम्ही कोण त्यांच्या?"

"मी जानदिरा. क्लबच्या तलावावर साठीच्या पुढच्यांना पोहायला शिकवते. काका पाच-सहा आठवडे झाले आले नाहीत. आजारी आहेत का? पत्ता नोंदवहीत होता म्हणून आले."

मी नुसता तिच्या गळ्यातल्या शिट्टीकडे बघत राहिलो. तिला वाटलं मी ओळखलं नाही. "अहो, ते मिनासचे. ड्रायव्हर. पहिले दोन महिने काठाची दांडी सोडायला तयार नव्हते. 'बाई, याला ब्रेक कुठाय' म्हणायचे. वर्गातल्या म्हाताऱ्या हसायच्या त्यांना, पण एक गुरुवार चुकवला नाही त्यांनी. मे महिन्यात दांडी सोडली. जुलैत अर्धा तलाव पार केला आणि काठावर बसून लहान मुलासारखे रडले. बायकोचा वाढदिवस ऑक्टोबरात आहे ना? त्या दिवशी ओहोटीला दोघांना समुद्रात घेऊन जायचं ठरलं होतं. बायकोला सांगू नका म्हणून सगळ्या वर्गाला शपथ घातली होती." ती हसली. "तलावाच्या औषधानं डोळे लाल व्हायचे त्यांचे. घरी काय सांगू म्हणायचे."

"ते गावी गेले," मी म्हणालो. "कायमचे."

"अरेरे," ती म्हणाली. "आता तर कुठं यायला लागलं होतं त्यांना."

ती गेल्यावर मी कागद काढला आणि फोन लावला. झुल्मिराबाईंनीच उचलला.

"बाई, मी जेनिवाल. सांता लुझियाचा."

"बोला. टपाल आलंय का?"

मी एका दमात सगळं सांगितलं. तलाव, दांडी, शिट्टीवाली मुलगी, ओहोटी, ऑक्टोबर. पलीकडे मागे कुकर फुसफुसत होता.

"बाई?"

"ऐकलं मी."

"मग सांगा ना त्यांना! वाढदिवसाला या दोघं. खोली अजून रिकामी आहे. मी मालकांशी बोलतो."

"काय सांगू?" त्या अगदी हळू बोलत होत्या. दुर्वालराव शेजारच्या खोलीत असावेत. "मी गुडघ्यासाठी आले नव्हते, हे सांगू? एक्केचाळीस वर्षांनी तुमच्यावर संशय घेतला आणि तोंडानं विचारलंसुद्धा नाही, हे सांगू? त्यांना वाटतंय, मला समुद्र मानवला नाही. त्यात कुणाचं वाईट नाही. तसंच राहू दे. आणि तुम्हीही त्यांना कळवू नका."

"पण बाई, ते तिकडे..."

"ते बरे आहेत. संध्याकाळी बसस्टँडवर जाऊन बसतात." मग म्हणाल्या, "जेनिवाल, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, लोक म्हणतात. कोण लोक हो?"

"असेच," मी म्हणालो. "लोक."

"हं. भात लागतोय. ठेवते."

ते दोघं परत आले नाहीत. समुद्राकाठचा तो ऑक्टोबर आला आणि गेला. बाईंच्या वाढदिवशी पहाटे ओहोटी होती, मी मुद्दाम बघायला गेलो होतो. आता माझ्या जागी दुसरा माणूस बसतो. परवा तो तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूंना सांगत होता की या घरात पूर्वी एक ड्रायव्हर राहायचा, त्याची रुळांपलीकडे एक बाई होती आणि तिच्यापासून दोन मुलं. मी ठेल्यावर धिरडं खात उभा होतो. त्याला काही बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

दुर्वालराव दर गुरुवारी दुपारी तीन ते चार पोहायला शिकत होते. रुळांपलीकडे त्यांचं कुणी नव्हतं. विधवा, शिवणकाम, दुसरं घर, हे सगळं मीच सुरू केलं होतं.